टोनर अजून संपलेलं नाही

आमच्या घरात प्रिंटरचं टोनर संपत नाही. संपल्याचं प्रिंटर सांगतो, पण मी त्याचं ऐकत नाही.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, काळी पूड असते. ती एका लांबट डब्यात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये भरलेली असते. कमी झाली की दिवा लुकलुकायला लागतो. तेव्हा साधी माणसं नवीन कार्ट्रिज आणतात. मी जुनंच काढून हलवतो. कोपऱ्यात बसलेली पूड सारखी होते आणि आणखी बरीच पानं निघतात. हे ज्ञान मी ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा असतानाही (तोंडातलं यंत्र निघाल्याबरोबर) वाटलेलं आहे.

माझे सासरे, आप्पा, सटाण्याला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. पंचाहत्तरीनिमित्त त्यांनी आपल्या घराण्याची हकिगत लिहिली, चांगली बारा पानं. कार्यक्रम नाशकात, गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये ठरला. मेहुणा तीस प्रती काढायला दुकानात निघाला होता, त्याला मीच अडवलं. घरात प्रिंटर असताना दुकान कशाला? माझी बायको, मंजिरी, तेव्हाच म्हणाली की निदान एक नवीन कार्ट्रिज आणून ठेव. मी नुसता हसलो. ते हसू तिला अजून आठवतं.

कार्यक्रम रविवारी, आणि मी छापायला बसलो शनिवारी सकाळी. आधी पहिल्या पानाच्या तीस प्रती, मग दुसऱ्याच्या तीस, असा क्रम लावला. पाचव्या पानाला दिवा लुकलुकला. कार्ट्रिज हलवलं. आठव्याला पुन्हा लुकलुकला. पुन्हा हलवलं, शिवाय सेटिंगमध्ये जाऊन टोनर वाचवायच्या पर्यायावर खूण केली. दहाव्या पानाची अक्षरं राखाडी आली. मंजिरीने कागद उचलला, खिडकीशी गेली, चष्मा लावला, मग काढला.

"वाचता येतंय ना?" मी विचारलं.

"मला येतंय. टाइप मीच केलंय."

अजून वेळ आहे, कॉलेज रोडला जाऊन नवीन आण, असं तिने परोपरीने सांगितलं. पण आता प्रश्न टोनरचा राहिला नव्हता, माझ्या अब्रूचा झाला होता. अकरावं पान कसंबसं निघालं. बाराव्याला प्रिंटरने सरळ नकार दिला. मग मी कार्ट्रिज दोन्ही हातांत धरून असं काही हलवलं, की बाजूचं झाकण उडालं आणि आतली पूड माझ्या तोंडावर, बनियनवर आणि घरातल्या हॉलच्या पांढऱ्या फरशीवर पसरली. इतकी पूड आत शिल्लक होती! म्हणजे माझंच खरं होतं. त्या अवस्थेतही मला क्षणभर बरं वाटलं.

मग मी शहाणपणा केला. गिझरचं कढत पाणी घेऊन तोंड खसाखसा धुतलं. ही पूड गरम झाली की चिकटते, कागदावर ती तशीच तर बसते, हे मला पाठ होतं. फक्त तोंडाच्या बाबतीत सुचलं नाही. भुवया कुठे संपतात ते आता मलाच कळेना. फरशीसाठी व्हॅक्यूम क्लीनर काढला. मंजिरी स्वयंपाकघरातून "अरे, तो नको" म्हणेपर्यंत मी बटण दाबलेलं होतं. त्या यंत्राच्या पिशवीतून ही बारीक पूड आरपार जाते. पुढून फरशी स्वच्छ होत होती आणि मागून काळा धूर निघत होता. मागे दार होतं. दारात आप्पा होते. सटाण्याहून सकाळच्या एसटीने आलेले, अंगात उद्यासाठी शिवलेला नवा पांढरा सदरा.

आप्पा एरवी पुस्तकासारखं शुद्ध बोलतात. अहिराणी फक्त धक्का बसला की बाहेर येते.

"हाई काय शे, जावईबापू?"

मी म्हणालो, "टोनर."

ते तसेच आत जाऊन बसले. मंजिरीने त्यांचा सदरा झटकला, गार पाण्यात बुडवला. तरी तो राखाडीच राहिला. दुसऱ्या दिवशी पंचाहत्तरीला आप्पांनी माझा शर्ट घातला. स्वच्छ आणि त्यांना बसणारा असा एकच होता, गोव्याला घेतलेला, माडाच्या झाडांचा.

बारावं पान मी सांडलेल्यातली उरलीसुरली पूड कार्ट्रिजमध्ये परत भरून, झाकण दाबून बसवून काढलं. निघालं ते, पण अक्षरं इतकी फिकी, की कागदावर कुणी नुसती फुंकर घातली असावी.

हॉलमध्ये आप्पा हकिगत वाचायला उभे राहिले. पहिली पानं दणदणीत झाली. दहाव्याला ते थांबत थांबत वाचू लागले. बाराव्याला त्यांनी कागद वर धरला, खाली धरला. समोर सगळे जण आपापली प्रत दिव्याकडे धरून बसले होते. शेवटी त्यांनी कागदाची घडी घातली.

"इथे जावयांबद्दल लिहिलं होतं," ते म्हणाले. "यांच्यावर सबंध पान होतं."

काय लिहिलं होतं, असं मेहुण्याने मुद्दाम विचारलं. आप्पांनी माझ्या भुवयांकडे पाहिलं आणि आता नेमकं आठवत नाही म्हणाले.

सासरच्या इतिहासात माझं कौतुक एकदाच छापलं गेलं, तेही माझ्याच हातून. टाइप करणाऱ्या मंजिरीलाही आता ते नेमकं आठवत नाही. एक प्रत मी जपून ठेवली आहे. उन्हात तिरकी धरली की त्या सबंध पानावरचा एकच शब्द लागतो: 'काटकसरी'.