चुन्याखालची नावं

"मेलेल्यांचा पत्ता पुसून टाकलास तू, कडू! आता कोण कुठं निजलंय ते मंडळीला कोण सांगणार?"

"नंबर पुसले मी माणिकभाऊ, माणसं न्हाई पुसली."

हे भांडण मी ऐकलं त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. मी तेव्हा नवी नवरी, पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नुकती आलेली. ख्रिस्ती कबरस्तानाच्या भिंतीला लागून नळ होता. घागर भरून कधीच सांडायला लागली होती, पण भांडण सोडून घरी जाईल ती बाई कसली.

झालं होतं असं. कडूबाईला पहिल्यांदाच कबरींना चुना मारायचं काम मिळालं होतं. मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची माणसं डांबरानं कबरींवर नंबर घालायची आणि वहीत त्या नंबरापुढं नाव लिहायची. कडूबाईला ना अक्षर येत होतं ना आकडा. तिला वाटलं, काळे डाग पडलेत. घासून घासून काढले आणि वरून दोन हात चुना दिला. सगळ्या कबरी बगळ्यासारख्या पांढऱ्या! आणि नंबर होते मरणाच्या पाळीनं, जागेच्या नाही. म्हणजे पंधरा इथं, तर सोळा पार त्या कोपऱ्यात. वही हातात धरून माणिकराव उभा. मंडळीचा नवा सेक्रेटरी, कामावर येऊन आठ दिवस झालेले.

"इचारा मला," कडूबाई म्हणाली, आणि हातातला कुंचला रोखत एकेक कबर सांगायला लागली. हा इंजनावरचा फायरमन. ही सुईण. हे तिचं लेकरू, नाव ठेवायच्या आधीच गेलेलं. माणिकराव वहीत बघून खुणा करत चालला. दुसऱ्या ओळीत एका कबरीपाशी तो थांबला आणि ऐटीत म्हणाला, "ही सांगू नको. ही माझी माय हाय."

"न्हाई भाऊ. ही तारबाबूची सासू."

"सात वर्षं फुलं घालायलोय मी हितं!"

"तिला लय बरं वाटलं असंल. पण तुमची माय त्या लिंबाखाली हाय."

माणिकरावची माय गेली तेव्हा तो जिंतूरला नोकरीवर होता. पोचेपर्यंत माती झालेली. कुणीतरी लांबून बोट दाखवलं आणि यानं भलतीच कबर धरली. तो आता कडूबाईवर धावूनच जाणार, तेवढ्यात तिचा बाप चंद्रभान फावडं टेकून उठला. पूर्णेतल्या सगळ्या कबरी यानंच खणलेल्या. "पोरगी खरं बोलायलीय," तो म्हणाला. "लिंबाच्या मुळ्या तोडताना माझे कुऱ्हाडीचे दोन दांडे मोडले. तुमच्या मायनं मेल्यावर पण कुणाला सुखानं काम करू दिलं न्हाई."

मी भिंतीमागं तोंडात पदर कोंबून हसले, आणि त्या दिवसापासून कडूबाई माझी मैत्रीण झाली.

ती जाऊन आता काही महिने झाले. तिच्याबद्दल चार ओळी लिहाव्या म्हणून बसले आहे. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

नावाचं आधी सांगते. तिच्या आधीची तिची तीन भावंडं गेली, म्हणून मायनं हिचं नाव कडू ठेवलं. कडू आहे म्हटल्यावर मरण तोंड लावणार नाही, हा हिशेब. पाळकसाहेब बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणाले, दुसरं चांगलं नाव घेऊ. मायनं ऐकलं नाही. कडूबाई हसून म्हणायची, "मरणाला फसवायला मला जन्मापासून सोंग दिलंय बाई!"

वर्षातून दोनदा तिचा चुना निघायचा. एकदा पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरच्या, आणि एकदा नोव्हेंबरच्या दोन तारखेआधी. त्या दिवशी आम्ही ख्रिस्ती माणसं आमच्या गेलेल्यांना भेटायला जातो, मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन. मेलेल्यांकडं काही मागत नाही, मागायचं ते प्रभूकडं. नुसती आठवण काढायची. पण कडूबाई चुना मारतानाच सगळ्यांना भेटून घ्यायची. प्रत्येक कबरीपाशी कुंचला थांबायचा. "सलाम, फायरमनदादा. सलाम, सुईणबाई." चंद्रभान गेला, वही वाळवीनं खाल्ली, आणि दीडशे माणसं एका अडाणी बाईच्या डोक्यात राहिली.

दोन वर्षांपूर्वी मात्र दुसऱ्या ओळीत तिचा कुंचला थांबला आणि सलाम काही निघेना. मी फुलं घेऊन मागंच होते. ती माझ्याकडं वळली. तिचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तानु, ही कोण गं?"

मला कुठलं माहीत! भांडण मी भिंतीमागून ऐकलेलं. वरून माणसांची डोकी तेवढी दिसत होती; माणिकराव नेमका कोणत्या कबरीपाशी उभा होता, ते काही दिसलं नव्हतं.

"एक माणूस सुटलं माझ्या हातून," ती म्हणाली. "आता बाकीचेबी सुटणार. माझ्यामागं हे सगळे नुसते दगड."

शिकवणार कुणाला? मुलगा उद्धव रेल्वेत, वेळ नाही. नात प्रियांका नऊ वर्षांची, पण ती फाटकाच्या आत पाय टाकायची नाही. मोबाइलवर भुतं बघून बघून पोरांनी कबरस्तानाचा धसका घेतलेला. आजी आत चुना मारतेय आणि नात फाटकाशी डोळे मिटून "आजी, ये ना!" म्हणून ओरडतेय.

मागच्या ऑक्टोबरात प्रियांकाच्या इंग्रजी शाळेतून चिठ्ठी आली. एकतीस तारखेला हॅलोविन आहे, मुलांनी भुताचा वेष करून यावं. सून राजेश्रीनं लगेच परभणीहून काळा झगा आणला, त्यावर पांढऱ्या हाडांचा सांगाडा. घरात जे पेटलं ते पेटलं. मी साखर मागायला गेले होते. साखर घरी होती, ते सोडा.

"सैतानाचा सण हाय तो! माझी पोर जायची न्हाई," उद्धव म्हणाला.

"सगळ्या पोरी जायल्यात. हिनं एकटीनं घरी बसायचं? शिमग्याला सोंगं निघतात तेव्हा तुमीच खांद्यावर घेऊन दाखवलीत की!"

"सोंग येगळं, भूत येगळं."

प्रियांका रडायला लागली. कडूबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"बाई, हे काय असतं ते मला नीट सांग."

प्रियांकानं नाक पुसत सांगितलं. भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. मेलेल्यांसारखं नटतात. घरोघर जाऊन खाऊ मागतात.

"मेलेली माणसं घरी येतात आन् तुमी त्यान्ला भेता?" कडूबाई म्हणाली. "कोण, कुठलं, इचारलं का कधी? वळख न्हाई म्हणून भ्या वाटतं."

"आई, तू पण!" उद्धव ओरडला.

"मी कुठं भूत हो म्हणायले? आपला प्रभू थडग्यातनं उठला. आपल्याला थडग्याचं भ्या दाखवून कुणी नाचवायचं न्हाई, आन् आपण बी दुसऱ्याला दाखवायचं न्हाई. हाडं घालून न्हाई जायचं. पण जायचं." ती नातीकडं वळली. "आपल्या घरचं माणूस होऊन जा. दीडशे हायेत माझ्याकडं. पाहिजे ते घे."

राजेश्रीनं विचारलं, "आत्याबाई, मग ह्या झग्याचं काय?"

"राहू दे. कामाला यील."

प्रियांकानं पणजोबा घेतला, चंद्रभान. खरं फावडं शाळेत चालत नाही म्हणून पुठ्ठ्याचं केलं. डोक्याला उद्धवचा टॉवेल, ओठांवर काजळाच्या मिशा. पण पणजोबा चालायचे कसे, बोलायचे कसे, हे सांगायला आजी तिला लिंबाखाली घेऊन गेली. "त्यानं जिथं खणलं तिथंच कळंल." आणि पोरगी फाटकातून आत गेली! आजीच्या पदराला लोंबकळत, पण गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत शंतनु आला, शेजारच्या क्वार्टरमधला. त्याला फायरमन पाहिजे होता. तिसऱ्या दिवशी पाच जण, आठवडा संपेपर्यंत एकोणीस. शाळा सुटली की पोरं दप्तरं फाटकाला टांगायची आणि कडूबाईच्या मागं पळत सुटायची. "आजी, माझा माणूस कसा मेला?" "मेला कसा ते सोड, जगला कसा ते इचार!" सुईणबाई कुणी घ्यायची म्हणून दोन पोरी झिंज्या धरून भांडल्या. आयाबाया जुन्या पेट्या उघडून धोतरं, चष्मे, पितळी बिल्ले काढायला लागल्या. माझ्या मालकांची हिरवी झेंडी माझ्याकडून कोण घेऊन गेलं ते मला अजून कळलेलं नाही. पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं, एकतीस तारखेला चार वाजता सगळ्यांनी कबरस्तानात यावं, भुतं सोडून. माझ्या म्हाताऱ्या पायांनाही भिंगरी लागली. त्या आठवड्यात मी गुडघ्याचं तेल विसरले.

भोपळ्यावरून उद्धव पुन्हा अडला. कडूबाई म्हणाली, "भोपळ्यानं काय पाप केलंय?" प्रियांकानं भोपळ्यात तोंड कोरलं नाही, चांदणी कोरली. आतला गर किसून गूळ घालून राजेश्रीनं घाऱ्या तळल्या. तळताना उद्धवनंच सात खाल्ल्या, मग त्याचा विरोध बसला.

सकाळी शाळेत सांगाड्यांच्या, चेटकिणींच्या गर्दीत प्रियांका उभी राहिली आणि म्हणाली, "मी चंद्रभान. मी कबरी खणायचो. मला भीती वाटायची नाही, भूक लागायची." बाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणे. एक चेटकीण मात्र घाबरून रडली.

चार वाजता कबरस्तानात उभं राहायला जागा नव्हती. चुन्यानं सगळं झळझळीत, ऊन तिरपं, प्रत्येक पोर आपापल्या माणसाच्या उशाशी. एकेक बोलत गेलं. शंतनुनं तोंडाला एवढा कोळसा फासला होता की त्याच्या आईनंही त्याला आवाजावरून ओळखलं. लोक हसत होते, डोळे पुसत होते, आणि कडूबाई प्रत्येकाच्या मागं, आणि पोर नसलेल्या कबरींपाशी नाव घेऊन, हळूच "सलाम" म्हणत होती.

मग पोरं दुसऱ्या ओळीत आली. एका कबरीपाशी ना पोर उभं होतं, ना कडूबाईचा सलाम निघाला.

"आजी, हे कोण?" प्रियांकानं विचारलं.

कडूबाईनं पदर तोंडाला लावला. एवढ्या माणसांसमोर तिला कबूल करावं लागलं. "मला याद न्हाई, बाई."

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. माणिकराव! ऐंशीच्या पुढचा, नातवाच्या स्कूटरवरून आलेला.

"मला याद हाय," तो म्हणाला. "ही तारबाबूची सासू. सात वर्षं माय समजून फुलं घातली मी हिला. चारचौघांत लाज निघाली माझी हिच्यापायी. मी कसा इसरंल?"

कडूबाई आधी बघत राहिली आणि मग जी हसली! तीस वर्षांची दिसायला लागली. "सलाम, सासूबाई!" ती मोठ्यानं म्हणाली. "माफ करा. तुमचं लेकरूच सांगायला आलं बघा!"

माणिकरावनं पिशवीतून डांबराचा डबा आणि ब्रश काढला. कडूबाईची आठवण कमी होत चाललीय हे त्याच्या कानावर गेलं होतं, म्हणून तयारीनंच आला होता. दोन तारखेपर्यंत ज्या पोरांना अक्षर येत होतं त्यांनी कडूबाईला विचारून कबरींवर दीडशे नावं लिहून काढली. नंबर नाही, नावं. कुणाचं वाकडं, कुणाचं अर्धं ओळीखाली गेलेलं. तारबाबूच्या सासूचं खरं नाव कुणालाच येत नव्हतं, म्हणून तिच्या कबरीवर 'तारबाबूची सासू' असंच आहे.

"लिहा, लिहा," कडूबाई म्हणाली. "चुना मी मारणारच हाय."

"नावावर मारू नको म्हणजे झालं," माणिकराव म्हणाला.

पुनरुत्थानाच्या सणाला दोन आठवडे होते तेव्हा ती शेवटची माझ्याकडं पिशवी मागायला आली. नेहमीसारखीच, स्वतःची फाटली म्हणून. उन्हाच्या आधी बाजारात गेली, चुन्याचे खडे, थोडा डिंक आणि निळीची पुडी घेऊन आली. खडे दाराशी ड्रममध्ये टाकले, पाणी ओतलं आणि ते रटरटायला लागल्यावर मागं सरली. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून वर तो हाडांचा काळा झगा पसरला, चारी बाजूंनी विटा ठेवल्या. मग माझी पिशवी झटकून परत आणून दिली.

"दोन दिस भिजू दे," ती म्हणाली. "पोरान्ला सांग, हात घालायचा न्हाई."