आधी कोरा कागद

तात्या गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं आणि, सांगायला लाज वाटते, रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं झालं. आता ते विचारणार नाहीत... इतकी वर्षं मी त्यांच्या एका प्रश्नाला भीत आले होते.

नव्वदच्या दशकात बारामतीत तात्यांचा छोटा छापखाना होता. माणूस मूळचा वरकुट्याचा, वडील मेंढरं राखायचे, हे मात्र कॉम्प्युटरच्या नादी लागलेले. मी पळसदेवहून एसटीनं टायपिंगला यायची. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन प्रिंटर होते. एक आतल्या खोलीत, कुणाच्या नजरेस पडू नयेत अशा कामांसाठी, दुसरा बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकाजवळ. वायर जोडली की दोघांची नावं आपोआप पडद्यावर यायची. मला त्याचं भारी कौतुक, तात्यांना धडकी. "जे आपसूक आपल्याला घावतं, ते दुसऱ्यालाबी घावंल," म्हणायचे. जो प्रिंटर आधी जागा होई तो ते नाव धरी, मागनं येणाऱ्याच्या नावापुढं आकडा लागे. लाइट जाऊन आली की कधी कधी अदलाबदल व्हायची. नावं बदलून ठेवता येतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणून तात्यांचा नियम होता, लाइट आली की आतल्या प्रिंटरच्या नावावर आधी कोरा कागद सोडायचा. ते आत स्टुलावर बसून राहत आणि कागद निघाला की हाक येई, "आला गं, सोड आता."

एका दुपारी दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर छापायचा होता. लाइट गेली, आली. मला पळसदेवची गाडी गाठायची होती. कोरा कागद न सोडताच मी पेपर छापायला सोडला, आणि बाहेरचा प्रिंटर गुरगुरला. बाकावर शिकवणीचे एक मास्तर बसलेले, कागद उचलायला त्यांनी हात पुढं केलेला. पेपर फुटला तर छापखान्याला टाळं आणि तात्यांना पोलीस... तेवढ्यात तात्या आतून धावत आले. कागदांवर तळहात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर, गरम हायती."

मास्तरांनी काही वाचलं का, कळायला मार्ग नव्हता. तात्या तडक मुख्याध्यापकांकडे गेले आणि "चूक माझ्या हातनं झाली" म्हणून सांगून आले. पेपर बदलला. शाळेचं काम कायमचं गेलं. मला एवढंच म्हणाले, "जा, गाडी चुकंल."

कोरा कागद सोडला होतास का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. पुढं दर भेटीला मला वाटायचं, आज विचारतील. आपणहून सांगायचं धाडस मात्र मला शेवटपर्यंत झालं नाही.

परवा छापखाना आवरायला गेले. आतल्या खोलीतलं यंत्र केव्हाच भंगारात गेलंय, स्टूल तेवढं जागेवर आहे. दमले म्हणून त्यावर टेकले, आणि तेव्हा कुठं ध्यानात आलं. त्या दुपारी लाइट आल्यापासून तात्या इथंच तर बसले होते, कोऱ्या कागदाची वाट बघत. तो आला नाही आणि बाहेरचा प्रिंटर वाजला, म्हणून तर ते धावले... मला विचारायची त्यांना गरजच नव्हती.