अडतीस अंशांचं पाणी

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी बदली मुकाट्याने घेतली. पंधरा वर्षं तिच्या आजारपणाचं कारण सांगून अमरावतीतच राहिले होते. आता कारण उरलं नव्हतं. बँकेने संग्रामपूरला पाठवलं. एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. खाली त्या एकट्या, वर मी एकटी. मी त्यांना मावशी म्हणायचे.

संध्याकाळी काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. आईला भरवणं, औषधं, तिची कूस बदलणं, यातच इतक्या वर्षांच्या संध्याकाळी गेल्या होत्या. मग एक जुना रोलचा कॅमेरा मागवला. रोल स्लाइडचा घेतला, कारण निगेटिव्हची पुन्हा प्रिंट काढावी लागते; म्हणजे दुकान आलं, शहर आलं. स्लाइड धुतली की त्याच फितीवर खरे रंग उमटतात, उजेडासमोर धरायची आणि बघायचं. धुण्याची औषधं कुरियरने आली. मोरी होतीच.

पहिला रोल वाया गेला. औषधं अडतीस अंशांवर लागतात, आणि सोबतच्या कागदावर पाणी कसं तापवायचं ते बारकाईने लिहिलं होतं. पण एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं तेच चटका देत. मी थर्मामीटर नीट न बघता त्यातच बाटल्या ठेवल्या. चित्रं फिकी, विटलेली निघाली, आणि वाळल्यावर त्यांच्यावर खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके उठले.

मोरीतून बाहेर आले तर मावशी दारात उभ्या.

"काय व, दोन घंटे झाले, दार लावून काय करून राह्यली?"

"फोटो धुतले, मावशी."

"मोबाइलात येते ना फोटो. धुवा काऊन लागते?"

खरं उत्तर असं होतं, की त्यात अख्खा रविवार जातो. ते मी दिलं नाही. त्यांनी ओली फीत निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "पाणी लय ऊन होतं न. माठातलं टाकत जाय त्यात. अन् शेवटी जारातलं पियाचं पाणी घे, डाग नाही पडत."

दुसऱ्या रोलमध्ये मी त्यांचाच फोटो काढला. गच्चीवर शेवयांसारखे कणकेचे सरगुंडे वाळत घालत होत्या. आधी "नको व" म्हणाल्या, खाली गेल्या, आणि हिरवं लुगडं नेसून परत आल्या. "आता काढ."

पुढच्या रविवारी त्या माझं घड्याळ मांडीवर घेऊन मोरीबाहेर पाटावर बसल्या. पहिल्या औषधाला साडेसहा मिनिटं लागतात. मी आत फीत बंद केलेला काळा डबा हलवत होते आणि बाहेरून आवाज येत होता, "पाच झाले... सहा झाले व, आता अर्धाच." पुष्कळ वर्षांनी कोणीतरी माझ्यासाठी दाराबाहेर बसलं होतं. मला एकदम रडू आलं. हात औषधाने ओले होते, डोळे पुसले नाहीत.

फीत वाळल्यावर त्यांनी ती आभाळासमोर धरली.

"हे मीच हावो का? म्हातारी झालो व मी." मग म्हणाल्या, "एक मले दे, एक तुले ठेव."

"ही एकच असते, मावशी."

"मंग तूच ठेव. माह्यापाशी पाहणार कोण?"

जूनमध्ये त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना घेऊन गेला. जाताना म्हणाल्या, "महिन्याभरात येतो. कढीपत्त्याले पाणी टाकजो." मी टाकत राहिले. दिवाळी झाली. खालचं कुलूप तसंच.

त्या काळात मी मोबाइलवर गजर लावून दोन रोल धुतले. दोन्ही उत्तम निघाले. सोनाळ्याकडून दिसणारी सातपुड्याची निळी रेघ, रिकामा बसथांबा, कापसाची शेतं. फीत कापताना लक्षात आलं, बहात्तर चित्रांत एकही माणूस नाही. पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन मुद्दाम बाजारात गेले. एक मिरचीवाली बसली होती, चेहरा फार छान होता. मी तिच्यासमोर नुसती उभी राहिले.

"काय पाह्यजे, बाई?" तिने विचारलं.

मी अर्धा किलो मिरच्या घेऊन घरी आले.

मग मावशींच्या मुलाचा फोन आला. घर विकायचं ठरलं होतं; तो सभ्यपणे बोलला, दोन महिन्यांची मुदत दिली. मग फोन मावशींनी घेतला.

"घुडगे आता दुखत नाहीत. इथं लिफ्ट हाय, सगळं हाय."

"करमते का तुम्हाला?"

"टीव्ही हाय न." मग त्यांनी विचारलं, "तुले दुसरी खोली भेटली का?"

"भेटन."

नंतर फोन कोणीच ठेवेना. शेवटी मागून मुलाने हाक मारली.

खोली मिळाली, बसस्टँडच्या मागे. चार बिऱ्हाडांत एक मोरी, बाहेर कायम कोणीतरी बादली घेऊन उभं. तिथे औषधाच्या बाटल्या मांडून बसणं शक्य नाही. एक काढलेला, न धुतलेला रोल फ्रिजमध्ये आहे. त्यात काय आहे ते मला आता नीट आठवत नाही. हल्ली मी बँकेतून सगळ्यांत शेवटी निघते.