पाचवा साप

आमच्या शेजारची हिल्का ख्रोनिंगनच्या बसडेपोत बस धुते. लोकांनी हौसेने पाळलेले आणि चावल्यावर नकोसे झालेले बिनविषारी साप घरी आणून ती माणसाळवते. सध्या चार आहेत. पाचव्यासाठी अंगात त्राण नाही, असं ती म्हणते. तरी काल माझी लेक फेना आपला साप तिला द्यायला गेली. काळजीने मीही मागोमाग गेले.

“हिल्कामावशी, दोनदा चावला. तूच ठेव.”

“चावल्यावर काय केलंस?”

“लगेच पेटीत सोडला.”

“मग शहाणाच आहे की! चावलं की सुटका होते, हे तूच त्याला शिकवलंस. बस इथे. चावू दे, पण शांत होईपर्यंत सोडू नकोस.”

तो पुन्हा चावला. फेनाच्या अंगठ्यावर रक्ताचे ठिपके उमटले.

“पुरे, पेटीत ठेव त्याला!” मी ओरडले.

“अगं, याच्याआधी तुलाच माणसाळवायला हवं,” हिल्का डोळे मिटून म्हणाली.

वीस मिनिटांनी साप फेनाच्या मनगटावर सैल पडला. आता ठेवू का, असं विचारायला ती वळली, तर हिल्काला खुर्चीतच झोप लागली होती. तिला न उठवता आम्ही साप घरी आणला.