सोडियमचा दिवा गार होईपर्यंत

मे महिन्यात लातुरात पंखा बंद करून बसणं म्हणजे स्वतःहून भट्टीत शिरणं. पण आमच्या एमएस्सीच्या अंधाऱ्या खोलीत दुसरा इलाज नव्हता, पंख्याने टेबल थरथरायचं. खिडक्यांना काळं कापड लावून मी आणि माझी एकुलती एक विद्यार्थिनी घामाने निथळत सोडियमच्या दिव्याशेजारी बसायचो. बाहेर अख्खं गाव क्लासेसमध्ये भौतिकशास्त्र शिकत होतं, पण चार पर्यायांतला बरोबर कोणता, एवढंच. चौकाचौकात गुणवंतांचे मोठमोठे फोटो. आमच्या वर्गाला एक पासपोर्ट साइझ पुरला असता.

ती चाकूरहून एसटीने यायची. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवीन तेवढ्या तासांची बाई. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, दुसऱ्या वर्षाला ही पोरगी आली नाही तर वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे मीही घरी. मला नांदेडला पीएचडी मिळाली तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. ते अजून फोनवर विचारतात, "परमनंट कधी?" मी विषय बदलते.

प्रयोग इंटरफेरोमीटरचा होता. दिव्याचा उजेड दोन वाटांनी पाठवायचा आणि पुन्हा एकत्र आणायचा. वाटा जवळपास सारख्या असल्या की काचेत काळ्या-पिवळ्या गोल पट्ट्या दिसतात. स्क्रू फिरवून एक आरसा मागे नेला की त्या पुसट होत नाहीशा होतात आणि अजून मागे नेला की परत येतात. सोडियमच्या पिवळ्यात दोन अगदी जवळजवळचे रंग असतात, त्यांचा हा लपंडाव. मुलं इथेच थांबतात. वाचनं घ्यायची, सूत्रात घालायची, बाईंची सही घ्यायची आणि कँटीन गाठायचं.

ती थांबली नाही, स्क्रू फिरवतच राहिली.

"मॅडम, दर खेपेला जास्तच पुसट होऊन राहिल्यात. असं का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की खडू शोधायलाही उठले नाही. सांगत सुटले, की दिव्यातले अणू तापलेले असतात, सैरावैरा पळत असतात. आपल्याकडे येणाऱ्या अणूचा उजेड किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्याचा तांबड्याकडे. स्टँडवर न थांबता जाणाऱ्या एसटीचा हॉर्न येताना चढा लागतो, गेल्यावर उतरतो, तसंच. अणू असंख्य, प्रत्येकाचा वेग निराळा, म्हणून रंगाची रेघ, म्हणजे वर्णरेषा, बारीक राहत नाही, फुगते. आणि रंग नेमका एक नसला की लांबच्या वाटेवर मेळ जमत नाही, पट्ट्या विझत जातात. रेषा फुगायला दुसरीही कारणं असतात, पण उष्णतेचं हे कारण दिवा पेटता असेपर्यंत सुटत नाही.

"मग दिवा गार असतानाच बघू की," ती म्हणाली.

मला माहीत होतं काय होणार. तरी म्हटलं, बघ. दिवा बंद केला, पुरता गार होऊ दिला, पुन्हा लावला.

"ह्यो तर गुलाबी हाय!"

तो दिव्यात भरलेल्या निऑन वायूचा उजेड. सोडियम अजून घट्ट असतो, त्याची वाफ व्हायला दिवा तापावा लागतो. मग कुठे पिवळा रंग येतो.

"म्हंजे गार हाय तवा उजेड न्हाई, अन् उजेड हाय तवा रेघ फुगलेली."

मी तिला हिशेबही सांगितला, की रेषेची जाडी निम्मी करायची तर शून्य केल्व्हिनपासून मोजलेलं तापमान पाव करावं लागतं. "लई घाट्याचा सौदा हाय, मॅडम," ती हसली. मीही हसले. त्या खोलीत मी हसल्याचं मला एवढंच आठवतं.

ती पट्ट्यांचा शेवट शोधत होती, तेवढ्यात तिच्या घरून फोन आला. परत आली ती पिशवी उचलायलाच. "उद्या येते. स्क्रूला हात लावू नका, कुठं संपत्यात ते मला बघायचंय." मी यंत्रावर चिठ्ठी लावली, हात लावू नये. लावणार कोण होतं म्हणा!

ती आली नाही. क्लासेसच्या मुलींच्या एका होस्टेलवर तिला रेक्टरची नोकरी मिळाली होती. राहणं, जेवण, पगार. घरचे खूश होते आणि त्यांचं चूक नव्हतं. मला मात्र राग आला, आणि तो धरायला माणूस सापडेना. निदान परीक्षेला तरी बस, फोनवर म्हटलं. "बघते," म्हणाली. अशा "बघते"चा अर्थ मला कळतो.

पावसाळ्यात वर्ग बंद झाल्याचं पत्र निघालं. यंत्रं कपाटात भरायला मी एकटी गेले. चिठ्ठी काढली, दिवा लावला. आधी गुलाबी, मग हळूहळू पिवळा. डोळा लावला तर पट्ट्या होत्या. अगदी पुसट, पण होत्या. मी तिथूनच तिला फोन लावला. मुलींच्या अभ्यासाची वेळ होती, ती दबक्या आवाजात बोलली.

"दिसतायत गं अजून. येतेस का? येऊन बघ."

"न्हाई, मॅडम. तुमीच बघा." मग थांबून म्हणाली, "अन् कुठं संपल्या ते मला सांगू नका."

मी स्क्रू फिरवला. एकदा गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. मी आरसा पार मागे नेला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर बघत राहिले. काचेत नुसता पिवळा उजेड होता.

दिवा बंद केला. गरम दिवा खोक्यात भरता येत नाही, म्हणून तो गार होईपर्यंत बसून राहिले. तेवढ्यात नांदेडहून वडिलांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी नेहमीचं विचारलं, "परमनंट कधी?"

"आता नाही होणार, बाबा," मी म्हणाले.

"मग ते पेढे म्या उगंच वाटले का गं?"

दिवा गार झाला होता, तो मी खोक्यात भरला.