फोटोतल्या अभिमनचं वय

नरडाण्यात कुंदनच्या हाताखालून गेलेला माणूस काळा राहत नाही. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं मोबाइल कव्हरचं दुकान आहे, पण कव्हर घेणारे थोडे आणि ‘फोटो जरा नीट करून दे’ म्हणणारेच फार. तडा गेलेल्या काचेवर अंगठा फिरवत तो टकलाला केस देतो, सुटलेलं पोट आत ढकलतो, वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊंच्या मागे वाघ उभा करतो. एकदा तर बायोडाट्यातल्या एका मुलाला त्याने इतकं उजळवलं, की मुलीकडची मंडळी स्टँडवर उतरून घ्यायला आलेल्या त्या मुलालाच विचारत राहिली, मुलगा कुठे आहे म्हणून. लग्न मात्र जमलं. कुंदनचं म्हणणं, फोटो तसा नसता तर ते गावात आलेच नसते.

असा हा कुंदन कमलबाईंच्या कामाला अडला.

कमलबाईंची दिपमाला नुकतीच धुळ्याला दिली होती. पहिल्या माहेरपणाहून ती परत निघेल तेव्हा तिच्यासोबत एक फ्रेम द्यायची होती. मध्ये नवरा-नवरी, एका बाजूला आई आणि आईच्या शेजारी बाप. आता बाप, म्हणजे अभिमन, लेक पाळण्यात असतानाच गेलेला. बाप-लेकीचा मिळून एकही फोटो नाही. कमलबाईंनी पिशवीतून त्याचा जत्रेत काढलेला जुना फोटो दिला आणि एवढंच सांगितलं, की पोरीच्या सासरी भिंतीवर तिचा बाप दिसला पाहिजे.

कुंदनने अभिमनला जत्रेतून उचलून मांडवात आणलं. फेटा चढवला, पायाशी सावली पाडली आणि फोन लांब धरून पाहिला. अभिमन जावयाहूनही लहान दिसत होता. कमलबाईंच्या शेजारी तर थेट त्यांचा मुलगाच. सासरची माणसं हसली तर ती या बाईला हसणार, आणि ते कुंदनला सहन होणारं नव्हतं.

मग त्याने वय वाढवणारं ॲप उघडलं. कानशिलं पिकवली, मिशी पांढरी केली, गाल ओढले. लोकांच्या सुरकुत्या पुसण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली तो पहिल्यांदाच सुरकुत्या पाडत होता. काम इतकं झकास उतरलं की त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी कमलबाई आल्या. त्यांनी फोनमध्ये पाहिलं मात्र, झटकन पदर डोक्यावर ओढला आणि स्टुलावरून उठून तोंड फिरवून उभ्या राहिल्या. कुंदनला काही कळेना.

“हाऊ ते मना सासरा शे, भाऊ,” त्या पदराआडून म्हणाल्या.

बापाचाच तोंडवळा लेकात उतरलेला. लेकाला पिकवला आणि नेमका बाप निघाला. ज्या सासऱ्यासमोर त्या कधी बसल्या नाहीत, त्याच्या फोटोसमोर तरी कशा बसतील? कुंदनला हसू आलं, मग त्यांनाही आलं, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले.

कुंदनने सगळं पुसलं. तरणा अभिमन परत आला तशा कमलबाई स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. लोक याला तुमचा मुलगा समजतील, हे कुंदनने चाचरत सांगून टाकलं. समजू देत, असं त्यांचं उत्तर. तरी त्याला राहवेना.

“अक्का, मग तुमचंच वय थोडं कमी करतो. जोडा शोभेल,” असं म्हणत त्याने अंगठा त्यांच्या चेहऱ्यावर नेलासुद्धा.

कमलबाईंनी फोटोतल्या अभिमनवरची नजर न काढता कुंदनचं मनगट धरलं.

“नको. पोरले मोठं कराम्हा मी म्हतारी झाऊ. तेस्ले दिखू दे.”