ट्रान्समॅट की ट्रेसॉर?

नारायण पेठेतल्या संगीत मंडळात सॉफ्टवेअरवाल्या मिसबा मोमीनला २००२ साली चिटणीस घैसासांनी एक बैठक दिली. मंडळींना आवडलं तरच दुसरी. तिने जर्मनीहून आणलेली टेक्नोची, म्हणजे यंत्रांवर वाजवलेल्या नाचाच्या संगीताची, तबकडी लावली.

"अहो, ही तर पिठाची गिरणी!" घैसास म्हणाले.

दुसरी कोणी असती तर गाशा गुंडाळून निघाली असती. मिसबा कसली हटते!

"गिरण्या दोन आहेत, काका. तबकड्या काढणारी डेट्रॉइटची ट्रान्समॅट कंपनी ठेक्यावर सूर तरंगत ठेवते, बर्लिनची ट्रेसॉर ठेकाच घणासारखा घालते. ओळखा."

नावं झाकून तिने एकेक तबकडी लावली. पहिल्या दोन घैसासांनी साफ चुकवल्या. तिसरी सुरू होताच त्यांनी हात वर केला.

"ट्रेसॉर!"

"बरोबर, काका!"

"मग उभ्या काय राहिलात? पुढची लावा. आणि दुसऱ्या बैठकीची तारीख फळ्यावर लिहून टाका."